कव्हर उघडण्याआधी कान उघडा!

हजारो, प्रसंगी लाखो रुपयांचा डॅक घ्यायचा आणि अधिक गोड आवाजासाठी त्याचे भाग बदलायचे, हा छंद आता रायपूरसारख्या शहरांतल्या संगीतवेड्यांनाही खुणावतो आहे. बदलाने खरेच काय साधते? आणि कान कुठे फसतो?

संगीताच्या वेडापायी माणूस काय करील याचा नेम नाही. कुणी एका जुन्या तबकडीसाठी भंगारबाजार पालथा घालतो, कुणी बैठकीच्या खोलीतले फर्निचर स्पीकरच्या सोयीने मांडतो आणि घरच्यांचा रोष पत्करतो. पण महागडे यंत्र घरी आणायचे, वॉरंटीचे सील तोडायचे आणि त्याच्या पोटात सोल्डरिंगची तापलेली सळई घालायची, हे वेड जरा निराळेच!

या यंत्राचे नाव डॅक, म्हणजे डिजिटल-टू-अॅनालॉग कन्व्हर्टर. सीडीवरचे, संगणकातले किंवा इंटरनेटवरून येणारे संगीत म्हणजे नुसते आकडे. त्या आकड्यांचा पुन्हा सूर करण्याचे काम हा डबा करतो. साध्या मोबाइलमध्ये हेच काम नखाएवढी चिप करते. शौकिनांच्या घरात मात्र त्यासाठी स्वतंत्र, जाडजूड, अॅल्युमिनियमच्या कवचाचे यंत्र असते आणि त्याची किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत जाते.

रायपूरला यंत्रे उघडून पाहण्याची सवय नवी नाही. इथले आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले. व्हॉल्व्हचा रेडिओ, मग ट्रान्झिस्टर, मग कॅसेट डेक, मग सीडी प्लेअर अशी प्रत्येक पिढीची यंत्रे गल्लीतल्या कारागिरांनी उघडली आणि चालतीही केली. तात्यापारा किंवा चौबे कॉलनीतल्या मराठी घरांत नाट्यसंगीत आणि अभंग याच मार्गाने एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात उतरत गेले. आता पाळी डॅकची आहे. फरक इतकाच, की रेडिओ उघडला जायचा तो बिघडल्यावर. डॅक उघडला जातो तो चांगला चालत असताना!

आकड्यांचे सूर होतात कसे?

सीडीसाठी आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप घेतले जाते. प्रत्येक मोजमाप १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदवले जाते. माणसाच्या कानाची धाव साधारण २०,००० कंपनांपर्यंत असते आणि ४४,१०० चा निम्मा आकडा त्याहून थोडा वर, २२,०५० येतो. नायक्विस्ट आणि शॅनन या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलेल्या गणितानुसार, या निम्म्या आकड्याच्या खालचा सगळा आवाज त्या मोजमापांतून पुन्हा उभा करता येतो.

गणित सोपे, पण ते विजेत उतरवणे कठीण. डॅकमधून निघणाऱ्या विजेच्या लहरीचा दाब सर्वसाधारणपणे २ व्होल्ट असतो. लहरीच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतच्या पूर्ण चढउताराचे ६५,५३६ भाग केले तर एक पायरी येते सुमारे ८६ मायक्रोव्होल्टची. म्हणजे एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागासारखे ८६ भाग! आणि हे नाजूक काम ज्या डब्यात चालते, त्याच डब्यात मागच्या बाजूने २३० व्होल्टची वायर शिरलेली असते. डॅकच्या सगळ्या कसबाचे आणि बदल करणाऱ्यांच्या सगळ्या खटपटीचे मूळ या एका विषम सोबतीत आहे.

हल्ली २४ बिटांचे डॅक सर्रास मिळतात. कागदावर त्यांच्या पायऱ्या १ कोटी ६७ लाखांहून जास्त. पण इलेक्ट्रॉनिक भागांची स्वतःचीच एक बारीक खसखस असते. त्यामुळे उत्तमातल्या उत्तम यंत्रातही खऱ्या अर्थाने २० ते २१ बिटांइतकीच स्वच्छता हाती लागते. तीही कानाच्या गरजेपेक्षा पुष्कळ जास्त.

पडून राहिलेल्या प्लेअरची गोष्ट

तयार यंत्रात भाग बदलून त्याला नवे रूप देण्याची कल्पना काही केवळ हौशी मंडळींची नाही. खुद्द कारखान्यांनीच तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा पहिला सीडी प्लेअर, सीडीपी-१०१, जपानच्या बाजारात आला. त्याची किंमत होती १ लाख ६८ हजार येन. त्यात दोन्ही कानांसाठी मिळून एकच डॅक होता. तो आळीपाळीने डावीकडचा आणि उजवीकडचा आवाज तयार करी. फिलिप्सने वेगळी वाट धरली. त्यांच्याकडची चिप होती १४ बिटांची. पण आकडे चौपट वेगाने पुरवून आणि गणिताची चाळणी लावून त्यांनी तिच्याकडून १६ बिटांच्या तोडीचे काम करून घेतले.

पुढे फिलिप्सच्या छत्राखालच्या मारान्ट्झ कंपनीकडे १९८० च्या दशकाच्या मध्याला सीडी-४५ नावाच्या प्लेअरचा साठा युरोपात पडून राहिला. केन इशिवाता हे जपानी अभियंते तेव्हा कंपनीच्या युरोपातल्या कामात होते. त्यांनी नवे यंत्र बनवले नाही. आहे त्याच प्लेअरमधले काही भाग निवडून बदलले आणि तो मर्यादित आवृत्ती म्हणून बाजारात उतरवला. पडून राहिलेला माल हातोहात खपला! यातूनच मारान्ट्झच्या ‘स्पेशल एडिशन’ यंत्रांची परंपरा सुरू झाली आणि १९९० च्या दशकात इशिवातांच्या आद्याक्षरांची ‘केआय सिग्नेचर’ मालिका आली. २०१९ साली इशिवाता गेले, पण ‘आतले भाग बदला, आवाज बदलेल’ हे वाक्य जगभरच्या शौकिनांच्या मनात रुजवून गेले.

मात्र त्यांच्या गोष्टीतला एक तपशील शौकीन मंडळी विसरतात. इशिवातांच्या हाताशी कारखाना होता, मोजमापाची साधने होती, आणि एकाच जातीचे अनेक प्लेअर होते. जुना आणि बदललेला प्लेअर शेजारी ठेवून ऐकणे त्यांना शक्य होते. घरी डॅक उघडणाऱ्याजवळ एकच यंत्र असते. ते बदलले, की जुने उरत नाही. मग तुलना करायची कशाशी?

बदलतात तरी काय?

डॅकचे कव्हर काढले की आत चार मोहल्ले दिसतात. पहिला वीजपुरवठ्याचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, मोठे कपॅसिटर आणि विजेचा दाब स्थिर ठेवणारे रेग्युलेटर. दुसरा घड्याळाचा, म्हणजे दर सेकंदाची मोजमापे ठरल्या क्षणी सोडणारा स्फटिक. तिसरी खुद्द डॅकची चिप. चौथा बाहेर जाणाऱ्या आवाजाचा मोहल्ला. तिथे ऑप-अँप नावाच्या आठ पायांच्या आयसी काम करतात.

हौशी माणसाचा हात आधी चौथ्या मोहल्ल्यावर पडतो. कारण ऑप-अँप पुष्कळदा सॉकेटमध्ये बसवलेला असतो. चिमट्याने उचलायचा, दुसरा बसवायचा, सोल्डरचीही गरज नाही! ५५३२ हा जुना, स्वस्त आणि अतिशय सक्षम आयसी काढून त्या जागी कितीतरी पट महाग आयसी लावले जातात. पण जास्त वेगवान आयसी नेहमीच जास्त चांगला ठरतो असे नाही. त्याच्या पायाशी योग्य कपॅसिटर नसेल, तर तो कानाला न ऐकू येणाऱ्या कंपनसंख्येवर स्वतःच थरथरू लागतो. तो तापतो आणि आवाज बिघडवतो. ऐकणाऱ्याला मात्र वाटते, की आवाजाला ‘धार’ आली!

तिसऱ्या मोहल्ल्यातली दंतकथा म्हणजे फिलिप्सची टीडीए १५४१. १९८० च्या दशकाच्या मध्याची ही १६ बिटांची चिप आजही शौकीन मंडळी जिवापाड जपतात. रूडी व्हान डी प्लाशे यांनी १९७६ मध्ये मांडलेली एक सुंदर युक्ती तिच्यात आहे. चिपमधले विजेचे प्रवाह कधीच तंतोतंत समान बनवता येत नाहीत. म्हणून ते सतत आळीपाळीने फिरवत ठेवायचे, म्हणजे त्यांच्यातल्या चुकांची सरासरी होऊन त्या विरून जातात. या फिरतीतून उरणारी खरखर शोषण्यासाठी चिपच्या दोन्ही बाजूंना मिळून १४ छोटे कपॅसिटर लागतात. हे चौदा कपॅसिटर बदलणे हा या चिपच्या भक्तांचा जणू कुळाचारच आहे.

जपानचे रियोहेई कुसुनोकी याहून पुढे गेले. १९९६-९७ मध्ये तिथल्या एका ध्वनिविषयक मासिकात त्यांनी मांडले, की आकडे चौपट-आठपट करणारी गणिती चाळणी काढूनच टाका. या पद्धतीच्या डॅकचा आवाज अनेकांना मऊ, जुन्या तबकडीसारखा वाटतो. त्याचे एक कारण मोजता येण्याजोगे आहे. चाळणी काढली की उंच सूर आपोआप दबतात. १०,००० कंपनांवर सुमारे पाऊण डेसिबेल आणि २०,००० कंपनांवर तीन डेसिबेलहून थोडे अधिक. म्हणजे ‘मऊपणा’ खरा आहे, पण तो ट्रेबलचे बटण किंचित कमी केल्यासारखा आहे. कुणाला तो आवडला तर त्यात गैर काही नाही. फक्त त्याला ‘अधिक अचूक’ म्हणू नये, इतकेच.

घड्याळाचे तर मोठेच प्रस्थ. मोजमापे सोडण्याच्या क्षणात जी बारीक चलबिचल होते, तिला जिटर म्हणतात. कागदावरच्या हिशेबाने १६ बिटांची पूर्ण अचूकता हवी असेल तर ही चलबिचल एका नॅनोसेकंदाच्याही आठव्या भागाच्या आसपास राखावी लागते, आणि नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. पण २००५ साली जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ऐकण्यात मुरलेल्या लोकांनासुद्धा संगीतातला जिटर कळण्यासाठी तो शेकडो नॅनोसेकंद असावा लागला. बऱ्या डॅकमध्ये तो त्याच्या आसपासही नसतो. मग नव्या स्फटिकावर पैसे घालायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

रायपूरचा उन्हाळा आणि कपॅसिटरचे आयुष्य

युरोप-जपानच्या या कथा ऐकून रायपूरचा शौकीन जेव्हा यादी करतो, तेव्हा त्यात ऑप-अँप असतो, चांदीची वायर असते, आयात केलेला स्फटिक असतो. यादीत नसतो तो रायपूरचा मे महिना!

विजेचा साठा करणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ओलसर द्रवावर चालतात. उष्णतेने तो द्रव हळूहळू उडतो. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते. १०५ अंशांवर २,००० तास टिकेल अशी हमी असलेला कपॅसिटर ६५ अंशांवर ३२,००० तास टिकेल. रोज आठ तास ऐकणाऱ्याच्या घरी ही जवळपास अकरा वर्षे झाली. ५५ अंशांवर तोच बावीस वर्षे जाईल. रायपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. दुपारी बंद खोलीचे तापमान चाळिशीच्या घरात जाते. डॅक लाकडी कपाटात अॅम्प्लिफायरच्या डोक्यावर बसवलेला असेल, तर त्याच्या आत ६५ अंश ही काही अशक्य गोष्ट नाही.

म्हणजे इथल्या डॅकमध्ये करण्याजोगी सर्वात चांगली सुधारणा कोणती? त्याला अॅम्प्लिफायरवरून खाली उतरवणे आणि चारी बाजूंनी वारा लागेल असे ठेवणे! खर्च शून्य. दहा-पंधरा वर्षे जुन्या यंत्रात वीजपुरवठ्याचे कपॅसिटर बदलणे हे दुसरे खरे काम. त्यात कुठलीही दंतकथा नाही. सुकलेल्या कपॅसिटरमुळे पुरवठ्यातली १०० कंपनांची गुणगुण आवाजात उतरते. ती मोजता येते, ऐकूही येते आणि नवे कपॅसिटर लावल्यावर जाते. तिथे ‘ऑडिओ ग्रेड’ असे सोनेरी अक्षरांत लिहिलेला महाग भाग लागत नाही. नावाजलेल्या कंपनीचा, १०५ अंशांचा आणि जास्त तासांची हमी असलेला साधा भाग पुरतो.

दुसरा वैरी धूळ. उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींमुळे रायपूरच्या हवेतल्या काळ्या धुळीशी इथल्या गृहिणींचा रोजचा झगडा असतो. ती धूळ कव्हरच्या फटींतून आत जाते, पावसाळ्याच्या दमटपणात ओलावते आणि सर्किटच्या पट्ट्यांमध्ये नको तिथे विजेची गळती करू शकते. वर्षातून एकदा वायर काढून, मऊ ब्रशने केलेली सफाई कित्येक आयात भागांपेक्षा मोलाची आहे.

तिसरी गोष्ट वीज. छत्तीसगडमध्ये कोरब्यासारखी मोठी वीजनिर्मिती केंद्रे आहेत. पण डॅकला राज्यात किती वीज तयार होते याच्याशी कर्तव्य नाही. त्याला घरातल्या प्लगशी कर्तव्य आहे. अर्थिंग नीट नसेल, डॅक एका प्लगवर आणि संगणक किंवा टीव्ही दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर असेल, तर त्यांच्यात फिरणारा अगदी छोटा प्रवाहही ५० कंपनांची ‘घूं’ ऐकवतो. अशा वेळी काही जण प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकतात. आवाज थांबतो, पण धातूच्या कवचातून शॉक बसून जीव जाण्याची वाट मोकळी होते. हा उपाय कधीही करू नये. सगळी यंत्रे एकाच चांगल्या अर्थिंगच्या बोर्डवर आणणे हाच खरा इलाज. आणि पावसाळ्याच्या तोंडावर विजा कडाडू लागल्या, की यंत्राची वायर प्लगमधून काढून ठेवणे हा सगळ्यात स्वस्त विमा!

कान फसतो कसा?

आता मूळ प्रश्न. भाग बदलल्यावर आवाज सुधारला, असे बदलणारा जवळजवळ दर वेळी सांगतो. तो खोटे बोलतो का? मुळीच नाही. त्याला खरेच तसे ऐकू येते. पण त्यामागे दोन कारणे असू शकतात आणि दोन्हींचा भागाच्या गुणवत्तेशी संबंध नसतो.

पहिले कारण आवाजाची पातळी. थोडा मोठा आवाज कानाला ‘मोठा’ वाटत नाही. तो ‘मोकळा’, ‘भरदार’, ‘जिवंत’ वाटतो. समजा, चिपच्या बाहेरचा एक रेझिस्टर बदलला आणि २.०० व्होल्टऐवजी २.१२ व्होल्ट निघू लागले. हा फरक अर्ध्या डेसिबेलचा. तो आवाजाची वाढ म्हणून सहसा लक्षात येत नाही, पण पसंती मात्र नव्या भागाला मिळते. म्हणून तुलना करण्याआधी दोन्हीकडची पातळी मोजून सारखी करावी लागते. त्यासाठी साधा मल्टिमीटरही चालतो. फक्त चाचणीचा सूर ५० किंवा १०० कंपनांचा घ्यावा, कारण स्वस्त मीटर उंच सुरांवर बरोबर वाचन देत नाहीत.

दुसरे कारण अपेक्षा. दोन रविवार खपून, पदरचे आठ हजार घालून बदललेला भाग वाईट कसा वाटेल? यावर उपाय एकच. कोणते यंत्र वाजते आहे हे ऐकणाऱ्याला कळू न देता ऐकवणे. अमेरिकेत बॉस्टनच्या मेयर आणि मोरन यांनी असा प्रयोग केला आणि २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण एकदा जसेच्या तसे आणि एकदा साध्या सीडीच्या १६ बिटांतून गाळून ऐकवले. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले. म्हणजे जवळपास निम्म्या वेळा. नाणे उडवूनही एवढेच आले असते!

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचे, १२ हजारांहून अधिक प्रयत्नांचे एकत्र गणित मांडले. बरोबर उत्तरांचे प्रमाण निघाले ५२.३ टक्के. आणि ऐकण्याचे शिक्षण घेतलेल्यांचे त्याहून बरेच चांगले. म्हणजे फरक शून्य नाही. पण तो असा आहे, की त्यासाठी कान तयार करावा लागतो. कान तयार करायला सोल्डर लागत नाही, रियाज लागतो.

मिरजेला तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्या कारागिरांकडे पाहिले की हे लक्षात येते. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते उगाच नाही. कारागीर घोडीचा पृष्ठभाग कणभर घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. बदल आणि ऐकणे यांत काही क्षणांचेच अंतर. डॅक बदलणारा मात्र दुपारी कव्हर उघडतो आणि रात्री जेवून ऐकायला बसतो. दरम्यान गेलेल्या सहा तासांत आधीच्या आवाजाची आठवण केव्हाच पुसट झालेली असते.

यावर एक नामी युक्ती आहे. बदल आधी एकाच बाजूला, समजा डाव्या चॅनेललाच करावा. मग एकेरी ध्वनीतले, म्हणजे मोनो गाणे लावावे. आपल्याकडची जुनी नाट्यगीते आणि भावगीते बहुतेक अशीच आहेत. आता दोन्हीकडून तोच आवाज येतो. पातळी सारखी करून, दोन्ही बाजू एकाच स्पीकरवर आलटून पालटून लावाव्यात आणि लावण्याचे काम घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्यावे. वीस वेळा ऐकून पंधराहून अधिक वेळा बदललेली बाजू ओळखता आली, तर फरक आहे असे मानायला हरकत नाही. तंबोरा घुमत विरत जातो तो क्षण अशा परीक्षेला फार चांगला. नाहीच ओळखता आली, तर उजव्या बाजूचे पैसे वाचले!

भागांच्या बाजारात

रायपूरला जयस्तंभ चौकाजवळ रवि भवनासारख्या संकुलांत मोबाइलचे सुटे भाग पुष्कळ मिळतात. डॅकच्या खास भागांसाठी मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडकडे किंवा दिल्लीच्या लाजपतराय मार्केटकडे डोळे लावावे लागतात, नाहीतर परदेशातून मागवावे लागतात. यात मोठा धोका नकली मालाचा. टीडीए १५४१ चे उत्पादन केव्हाच थांबले. तिच्या निवडक चिपांवर कारखान्यात मुकुटाचे चिन्ह छापले जाई. आज साध्या चिपवर तो मुकुट नव्याने छापून ती कितीतरी पट भावाने विकली जाते. महाग ऑप-अँपच्या बाबतीतही हेच घडते. भाव फारच स्वस्त दिसला, तर माल खरा नसण्याचीच शक्यता जास्त.

कधी खरा मालही नाहीसा होतो. २० ऑक्टोबर २०२० रोजी जपानमध्ये नोबेओका इथल्या असाही कासेई कंपनीच्या चिपच्या कारखान्याला आग लागली. जगातल्या असंख्य डॅकमध्ये याच कंपनीच्या चिपा होत्या. अनेक उत्पादकांना आपली यंत्रे दुसऱ्या कंपनीच्या चिपांसाठी पुन्हा आखावी लागली. म्हणूनच काढलेला जुना भाग कधी फेकू नये. तो पाकिटात घालून, वर तारीख आणि जागा लिहून ठेवावा.

हात घालण्यापूर्वी

ज्यांना तरीही डॅक उघडायचाच आहे, त्यांच्यासाठी काही पथ्ये. वॉरंटी संपेपर्यंत थांबावे. कव्हर काढण्याआधी वायर प्लगमधून काढावी आणि कपॅसिटरमधली साठलेली वीज उतरली आहे याची मीटरने खात्री करावी. स्विचिंग पद्धतीच्या वीजपुरवठ्यात २३० व्होल्टचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होऊन साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहू शकतात. ज्याला हे काय आहे ते ठाऊक नाही, त्याने वीजपुरवठ्याच्या मोहल्ल्यात पाऊलच टाकू नये. ते काम जाणत्या कारागिराकडे द्यावे.

प्रत्येक पायरीचा फोटो काढावा. एका वेळी एकच भाग बदलावा. चार भाग एकदम बदलले, तर सुधारणा कशामुळे झाली आणि बिघाड कशामुळे, दोन्ही कळत नाही. ऑप-अँप बदलल्यावर स्पीकर जोडण्याआधी बाहेर पडणारा डीसी दाब मोजावा. काही मिलिव्होल्ट असले तर ठीक. शेकड्यांत असले तर यंत्र लगेच बंद करावे, नाहीतर ती वीज अॅम्प्लिफायरमधून मोठी होऊन स्पीकरची कॉइल जाळू शकते. ‘आवाजाच्या वाटेतला कपॅसिटर काढून टाका, आवाज शुद्ध होतो’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो कपॅसिटर हा डीसी अडवण्यासाठीच बसवलेला असतो, हे ते सांगत नाहीत.

आणि खर्चाचा क्रम उलटा लावावा. आधी अर्थिंग आणि हवा, मग सफाई, मग सुकलेले कपॅसिटर. त्यानंतर खोली. कारण उघड्या भिंती आणि टाइल्सच्या फरशीवरून परतणारा आवाज कुठल्याही ऑप-अँपच्या फरकापेक्षा शेकडो पटींनी मोठा असतो. एक जाड सतरंजी, एक भरलेले पुस्तकांचे कपाट आणि जड पडदे हा बदल आंधळ्या परीक्षेतही शंभरातून शंभर वेळा ओळखू येतो. एवढे सगळे झाल्यावर चिपकडे वळावे.

अर्थात, छंदाला हिशेबाच्या तराजूत पुरते तोलता येत नाही. आपल्या हातांनी दुरुस्त केलेल्या यंत्रातून उमटणारा पहिला सूर ऐकताना जो आनंद होतो, तो कुठल्याही डेसिबेलमध्ये मोजता येणार नाही. तो आनंद जरूर घ्यावा. फक्त तो आनंद हाताच्या कसबाचा आहे की कानातल्या फरकाचा, एवढे स्वतःशी प्रामाणिकपणे ओळखता आले पाहिजे. ज्याला ते ओळखता येते, त्याचा डॅक स्वस्त असो की महाग, त्याच्या घरातले गाणे कधी बेसूर होत नाही.